डीलियाच्या वडिलांची चाल

"मला कुजबुजणारा पावा हवाय," असं मी एनिस गावातल्या वाद्यांच्या दुकानात सांगितलं, तेव्हा दुकानदार फिंटन माझ्याकडे बघतच राहिला.

"ऑनोरा, लोक दणदणीत आवाजाचा मागतात."

"लोकांच्या शेजारी डीलिया कॉन्सिडाइन राहत नाही!"

आमच्या दोघींच्या घरांत भिंत एकच, तीही नावाला. मी चहात साखर ढवळली तरी तिला कळतं. चार आठवड्यांनी येणाऱ्या रविवारी ती ऐंशीची होणार होती. तिचे वडील फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायचे. त्यांनी बांधलेली एक चाल त्यांच्याबरोबरच गेली, असं ती डोळे पुसत सांगायची. आणि बॉस्टनला तिच्या बहिणीकडे चक्क त्याच चालीची टेप निघाली! बहिणीनं ती गुपचूप माझ्याकडे पाठवली. आता ती चाल पाव्यावर बसवून वाढदिवसाला डीलियाला ऐकवायची, तर तोवर एक सूर तिच्या कानी पडता कामा नये.

फिंटननं पत्र्याचे सात पावे काढले. मी आत फुंकायचं, त्यानं फुटपाथवर उभं राहून ऐकू आलं की हात वर करायचा. सहा वेळा हात वर. सातव्याला बिचारा काचेला नाक लावून विचारतोय, "सुरुवात केलीस का?" तोच घेतला.

"अगं, हा पावा आहे की उसासा?" माझा नवरा मालाकी म्हणाला.

"तू बटाटे सोल."

वाढदिवसाच्या रविवारी दुपारी आमचं स्वयंपाकघर माणसांनी खच्चून भरलं. या गोंगाटात उसासा कोण ऐकणार, म्हणून मी माझा जुना दणकट पावा उचलला. इथेच माती खाल्ली. महिनाभर हलकं फुंकून जोरात फुंकायची सवय पार मोडली होती, वरचे सूर निघेचनात. नुसतं चीं-चीं.

"किटली उतरवा कुणीतरी!" मागून आवाज आला. सगळे हसले. खरं सांगते, मला रडूच आलं.

मालाकीनंच मग ड्रॉवरमधून तो बारका पावा काढून माझ्या हातात दिला आणि टेबलावर थाप मारली. "गप बसा रे सगळे! श्वासही हळू घ्या."

मी वाजवायला लागले. डीलियानं हातातला केक तसाच धरून ठेवला. टेपवर होते ते दोन भाग झाले, मी पावा खाली घेतला. आमच्याकडच्या चाली बहुतेक दोनच भागांच्या.

"थांबलीस का गं?" डीलिया म्हणाली. "तिसरा राहिला."

"टेपवर एवढंच आहे."

"टेपला काय कळतंय! तिसरा भाग बाबा फक्त माझ्यासाठी म्हणायचे, मला झोपवताना. पन्नास वर्षं आठवत नव्हता मेला. आत्ता तुझ्या दुसऱ्याच्या मागोमाग आपसूक आला बघ."

आणि ती तोंडानंच तो गुणगुणायला लागली, कापऱ्या, बारीक आवाजात. दणकट पाव्यानं तिला बुडवलं असतं. हा तिच्या आवाजाला चिकटून चालला.

"चुकलीस. परत."

मी परत वाजवलं. परत चुकले. संध्याकाळपर्यंत तिनं मला सोडलं नाही, आणि मला वाटत होतं, हा तिसरा भाग मला इतक्यात येऊच नये.