हात मागे जात नाही

प्राचार्यांचा फोन आला तेव्हा मॅडम खेळाच्या खोलीत गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसल्या होत्या. खोली कसली, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालची तिरकी जागा. एका बाजूला ताठ उभं राहता यायचं, दुसऱ्या बाजूला हमखास डोकं आपटायचं. भाले, गोळे, उंच उडीच्या गाद्या आणि धुवायच्या राहिलेल्या जर्सींचा वास, यांच्यात मॅडमची एक खुर्ची.

"समितीने ठरवलंय, निर्णय तुमच्यावर सोपवायचा," प्राचार्य म्हणाले. "मुलींना तुमच्याइतकं कोण ओळखतं?"

"समिती बसली होती ना, सर?"

"हो तर. अगदी सखोल चर्चा झाली."

म्हणजे चहा झाला, असं मॅडम मनात म्हणाल्या. इतके दिवस भिजत पडलेलं घोंगडं त्या शहाण्या मंडळींनी न पिळताच त्यांच्या अंगावर टाकलं होतं. रविवारी रिले शर्यतीची अंतिम फेरी. उद्या दुपारपर्यंत चार नावं कळवायची. त्यातलं एक नाव ठेवायचं की काढायचं, एवढ्यावर सगळं कॉलेज दोन तटांत भांडत होतं आणि मॅडमचं डोकं भणाणून गेलं होतं.

मॅडम रिलेच्या मुलींना नंबराने हाका मारायच्या. जी ज्या क्रमाने पळते तो तिचा नंबर: पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. मुली येतात नि जातात, नंबर तेच राहतात, असं त्या हसत सांगायच्या. खरं सांगायचं तर नावं लक्षात ठेवायचा त्यांना कंटाळा होता.

भानगड तिसरीची होती. आणि चौथीची. भानगड एकीने केली तरी नाव दोघींचंच होतं, हाही त्यातला एक अन्याय.

रिलेमध्ये बॅटन घेणारी मागे बघत नाही. मागची खुणेच्या रेघेवर आली की पुढची पळत सुटते, आणि मागचीने हाक दिली की नुसता हात मागे करते. त्या हाताला बॅटन मिळेलच, असं धरूनच पळायचं असतं. आता आठही संघांच्या मुली "घे, घे" म्हणून ओरडायला लागल्या तर कुणाचं "घे" कुणाचं, हे कळायचं कसं? म्हणून मॅडमच्या प्रत्येक जोडीला आपापला शब्द असायचा. एकच अक्षर किंवा फार तर दोन. तिसरी आणि चौथी जिवाभावाच्या मैत्रिणी. त्यांनी शब्द निवडला होता "बस". पळणाऱ्या मुलीला बस म्हणणारं जगात दुसरं कोण असणार, असं म्हणत दोघी पोट धरून हसल्या होत्या.

उपांत्य फेरीत दुसरीकडून तिसरीला बॅटन उशिरा मिळालं. तिसरी मुळातच तापट, ती पेटून पळाली. रेघेवर आली, चौथी पळत सुटली, आणि अंतर पडतंय असं वाटून तिसरी ओरडली. "बस" नाही. ती ओरडली, "धर ना, काळे माकडे!"

आणि चौथीचा हात मागे गेला. बॅटन हातात बसलं, चौथी वाऱ्यासारखी सुटली आणि संघ पहिला आला. कठड्याशी कुणीतरी मोबाइल धरून उभं होतं. संध्याकाळपर्यंत ते बोलणं गावभर झालं.

चौथीचे आजी-आजोबा फार लांबच्या देशातून कामासाठी आले आणि इथलेच झाले. चौथी इथेच जन्मली, इथल्याच भाषेत रडली, भांडली, शिकली. पण तिचा रंग तिच्याआधी खोलीत शिरायचा. बाकी मुलींना त्याची जाणीव कधीमधी व्हायची. तिला ती रोज असायची.

तिसरीला लगेच संघाबाहेर बसवलं. तिने सगळ्यांसमोर माफी मागितली, रडली. बंदीची मुदत आजच संपली होती.

फोन ठेवून मॅडम जरा डोळे मिटतात न मिटतात तोच दारात तिसरीची आई. घामेजलेली, पर्स छातीशी धरलेली. आत येताना तिचं डोकं छताला आपटलंच.

"बसा," मॅडम म्हणाल्या, आणि आपण कोणता शब्द उच्चारला हे लक्षात येऊन त्यांना स्वतःचाच वैताग आला.

"मॅडम, पोरगी नीट जेवत नाही हो. खोलीचं दार लावून बसते. रविवारी राज्याच्या संघाची निवड करणारी माणसं येणार आहेत. आता नाही पळाली तर पुढच्या वर्षी कॉलेजच संपलं. एवढ्याशा शब्दापायी?"

"दोन शब्द होते."

"माकडे तर मी तिला घरी अजून म्हणते. लाडाने म्हणते. तेच तोंडात बसलंय तिच्या."

"आणि काळे?"

आई पर्सच्या चेनशी खेळत राहिली. "रागात निघून गेलं. वय आहे का त्यांचं? तुम्ही कधी रागात बोलला नाहीत?"

मॅडम आयुष्यभर मैदानावर ओरडत आल्या होत्या.

"आणि खरं सांगू?" आईचा आवाज खाली आला. "त्या मुलीला एवढं लागलं असतं तर तिने हात मागे केला असता का? बॅटन घेतलं, पळाली, पहिली आली, जिंकल्यावर फोटोत हसली. तिला काही वाटलं नाही हो. नंतर लोकांनी वाटायला लावलं."

हे मॅडमनी आधीही ऐकलं होतं. स्टाफरूममध्ये, ऑफिसात, खुद्द समितीतल्या एकाच्या तोंडून. दर वेळी त्यांना काहीतरी खुपायचं, पण बोट ठेवता यायचं नाही. त्यांनी मान डोलावली. "बघते," म्हणाल्या. आई हात जोडून गेली. जाताना वाकून गेली.

मॅडमना तिसरी आवडायची, हे लपवण्यात अर्थ नव्हता. दुखऱ्या पायाने सराव करणारी, हरल्यावर खांबाला लाथ मारणारी पोर. माणसाला एका वाक्यावरून जन्माची शिक्षा करायची का? पण मग दुसरी बाजू समोर यायची आणि मॅडम पुन्हा होत्या तिथेच. थकून त्यांनी सोपा मार्ग धरला. चौथीला बोलावून घेतलं.

चौथी दारातच थांबली. ती उंच होती, तिला या खोलीचा अंदाज होता.

"तिसरीला घेऊ का गं परत?"

"घ्या ना, मॅडम."

"मनापासून?"

"मी माफ केलंय तिला. प्राचार्य सरांनी विचारलं, त्यांना सांगितलं. पहिली-दुसरीने विचारलं, त्यांनाही सांगितलं. घरी बाबा म्हणाले, मन मोठं कर, आपल्याला इथेच राहायचंय. त्यांनाही हो म्हटलं." तिने दाराच्या चौकटीला पाठ टेकली. "आता किती वेळा सांगू? माझं बोलून संपलंय."

मॅडमच्या छातीवरचं ओझं उतरलं. सुटले बाई एकदाची. "मग संध्याकाळी दोघी या. बॅटनची देवघेव बघू आणि नाव देऊन टाकू."

संध्याकाळी मैदान रिकामं होतं. एका टोकाला राखीव मुलगी एकटीच पाय ताणत बसली होती. बंदीच्या काळात चौथीबरोबर सराव तिनेच केला होता, नुसत्या "घे"वर. तिसरी आधीच येऊन उभी होती, बॅटन या हातातून त्या हातात करत. चौथी आली. दोघी एकमेकींना "हाय" म्हणाल्या, जसं लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला म्हणतात.

"चला, पूर्ण वेगात," मॅडम म्हणाल्या.

तिसरी आली. चौथी सुटली. "बस!" तिसरी ओरडली. चौथी पळत राहिली. दोन्ही हात पुढेमागे होत होते, मागे थांबत नव्हते. देवघेवीची हद्द संपली.

"हात, चौथी! झोपलीस का?"

"सॉरी, मॅडम."

पुन्हा. "बस!" हात कोपरापर्यंत मागे आला आणि चटका बसल्यासारखा परत फिरला. बॅटन जमिनीवर आपटून गडगडत गेलं.

पुन्हा. या वेळी चौथीने मान वळवून मागे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने असं एकदाही केलं नव्हतं.

मॅडमनी मग मोजणं सोडलं. दर वेळी तिसरीचा आवाज चढत गेला, चौथीची पावलं अडखळत गेली. शेवटी तिसरीने बॅटन गवतात भिरकावलं.

"मुद्दाम करतेयस तू! सगळ्यांसमोर माफ केलं म्हणायचं आणि इथे हात द्यायचा नाही! मी माफी मागितली ना? पाया पडू का आता?"

"मुद्दाम नाही गं," चौथी म्हणाली. धाप लागली होती तिला. "मी सांगतेय हाताला. तो जात नाही."

"त्या दिवशी बरा गेला!"

बोलून गेल्यावर तिसरीने ओठ चावला. चौथी आपल्या उजव्या तळव्याकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"हो ना," ती म्हणाली. "गेला ना. तू मला तसं म्हणालीस आणि माझा हात लगेच गेला. मी ओ दिली त्याला. सगळे म्हणतात ना, तिने बॅटन घेतलं, तिला काही वाटलं नाही. ते व्हिडिओत तुला बघतात. मी माझा हात बघते." तिचा आवाज फुटला. "तुझा राग गेला गं माझा. ह्याचा जात नाही."

मॅडमना इतके दिवस जे खुपत होतं ते आता समोर उभं होतं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. समितीने त्यांच्यावर टाकलं, त्यांनी अलगद या पोरीवर टाकलं होतं. तिसरीला संधी द्यायची का, म्हणून सगळे भांडत होते. तिच्याकडे पाठ करून पळायचं कुणाला, हे कुणी विचारलं नव्हतं.

तिसरी खाली वाकली, गवतातून बॅटन शोधलं, जर्सीला पुसलं. तिचा सगळा आवेश गळून गेला होता. "परत करू या?" ती हळू म्हणाली. "मी हळू म्हणते. एकदाच."

चौथीने मान हलवली. "बस."

त्यांचाच शब्द. आता त्याचा अर्थ तेवढाच होता.

"मॅडम, हिलाच घ्या," चौथी म्हणाली. "ही माझ्यापेक्षा जोरात पळते. मी थांबते बाहेर. पाय मुरगळला म्हणून सांगेन घरी."

"गप्प बस," मॅडम खेकसल्या. डोळ्यांत पाणी आलं की त्या खेकसायच्या. तिथेच उभ्या उभ्या त्यांनी प्राचार्यांना फोन लावला. "तिसरी पळणार नाही, सर. राखीव मुलगी पळेल... हो, हरू कदाचित... नाही, समितीला विचारायची गरज नाही. माझ्यावर सोपवलंय ना?"

तिसरी ऐकत होती. रडली नाही. "म्हणजे मला संधी नाहीच."

"रविवारी नाही," मॅडम म्हणाल्या. "मैदान बंद केलेलं नाही तुला. रोज ये, सराव कर. हिचा हात जाईल तेव्हा जाईल."

"आणि नाहीच गेला तर?"

"तर नाही गेला. त्याला आपण काही करू शकत नाही बाळ."

राखीव मुलगी पळत आली. बातमी ऐकून तिच्या तोंडचं पाणी पळालं. सावरल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो शहाण्या खेळाडूचाच. "आपला शब्द 'घे'च ठेवायचा ना?"

चौथीने विचार केला. "माझं नाव घे. पूर्ण."

"अगं, केवढं लांब आहे ते!"

मॅडमनी तोंड उघडलं. एक-दोन अक्षरांचा नियम त्यांनीच घालून दिला होता. त्यांनी तोंड मिटलं.

रविवारी तिसरी आली. संघाच्या कपड्यांत नाही, साध्या सदऱ्यात. कठड्याशी मॅडमच्या शेजारी उभी राहिली. निवड करणारी मंडळी समोरच्या छताखाली बसली होती, तिने तिकडे पाहिलं नाही.

राखीव मुलगी जीव खाऊन पळाली, पण ती तिसरी नव्हती. ती रेघेवर आली तेव्हा संघ मागे पडला होता. आठ बाजूंनी "घे, घे"चा कालवा उठला आणि त्यात तिने ते नाव घेतलं. आजी-आजोबांच्या देशातलं, लांबलचक, मधल्या अक्षरावर जोर असलेलं. पूर्ण म्हणून होईपर्यंत तिचा श्वास संपला.

चौथीचा हात मागे गेला. सरळ, परत न फिरता. बॅटन त्यात बसलं आणि ती निघाली.

संघ पाचवा आला. चौथी गवतावर आडवी पडली होती आणि राखीव मुलगी तिच्या अंगावर कोसळून हसत होती. तिसरी कठडा घट्ट धरून तिकडे बघत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "तिचं नाव असं म्हणतात? मी इतके दिवस चुकीचं म्हणत होते."

मॅडमनी दुखरा गुडघा चोळला. मग चौथीला हाक मारायला त्या कठड्यावरून वाकल्या.

"मी तर म्हणतच नव्हते," त्या म्हणाल्या.