कोपऱ्यातल्या टेबलावरचे साहेब

बबन रामटेके टेलिफोन खात्यात फोन इन्स्पेक्टर होता. नागपूरहून बदली होऊन लखनऊला आला त्याला आता चौदा वर्षं झाली होती, आणि त्या चौदा वर्षांत त्याच्या विजय सुपर स्कूटरनं शहराची एकही गल्ली सोडली नव्हती. फोन कुणाचाही बिघडतो. मंत्र्याचा, मौलवींचा, मिठाईवाल्याचा. त्यामुळे बबनला शहर आतून ठाऊक होतं. तो आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नव्हता, पण लखनऊच्या बारविषयी त्याची मतं ठाम होती. बारचा फोन नेहमी गल्ल्याखाली असतो, आणि गल्ल्याखाली अर्धा तास उकिडवं बसलं की जे दिसतं ते गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही.

मतं असणं हा त्याचा स्वभावच. बायको माया म्हणायची, "यांले बोलता येत नसतं तर यांचं पोट फुगलं असतं."

त्र्याण्णव सालच्या नोव्हेंबरात चंद्रप्रभा आठल्ये यांचा फोन मेला. चंद्रप्रभाबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, महानगर नावाच्या वस्तीत एकट्या राहायच्या, आणि तिथल्या मराठी मंडळाच्या चिटणीस होत्या. बबन फोन जोडता जोडता बोलत राहिला आणि बाई हसत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "रामटेके, डिसेंबरात आपल्या संमेलनाला महाराष्ट्रातून साठ पाहुणे येतायत. त्यांच्यासाठी लखनऊची माहिती लिहून द्याल? पुस्तकी नको हं. आत्ता बोललात तशी."

"घरी विचारून सांगतो," बबन म्हणाला. मंडळाच्या यादीत आठल्ये होते, सावर्डेकर होते, हवाई दलातले आणि लष्करातले बरेच जण होते. रामटेके, मेश्राम, गजभिये यांची पंधरा-वीस घरं शहरात होती, पण ती चौदा एप्रिलला आपापली जमायची. मंडळानं त्यांना कधी 'येऊ नका' म्हटलं नव्हतं, आणि 'या' असंही म्हटलं नव्हतं.

"बोलावलं तर जा," माया म्हणाली. "पण लिवतानी हात आवरून लिवा."

बबननं हात आवरला नाही. चार रात्री बसून त्यानं आठ पानं लिहिली.

'चारबागला स्टेशनं दोन आहेत, बडी लाइन आणि छोटी लाइन, एकमेकांना चिकटून. आपली गाडी कुठल्या स्टेशनातून सुटते ते तीन माणसांना विचारा आणि दोघांचं जुळलं तर जा. बडी लाइनचं स्टेशन राजवाड्यासारखं आहे, त्यामुळे ते बाहेरून पाहावं. आत गेलं की आपण फक्त प्रवासी. कुलीशी हिंदीत भांडू नये, हराल. मराठीत भांडा.'

'घंटाघराचं घड्याळ बंद आहे. वेळ खालच्या चहावाल्याला विचारावी.'

'रेसिडेन्सीत इतिहास बघायला जाल आणि जोडपी बघून याल. वाईट वाटून घेऊ नये, इतिहासापेक्षा ती आनंदात दिसतात.'

'रूमी दरवाजा समोरून सगळेच बघतात. पलीकडे जाऊन मागून बघा. मागून तो साध्या कपड्यातल्या नवाबासारखा वाटतो.'

'भूलभुलैयात गाइडची गरज नाही. वारा येईल त्या बाजूला चालत राहावं, बाहेर पडता.'

आणि मग बार. 'पुरुष पाहुणे हे बाईंना विचारणार नाहीत, म्हणून मी लिहितो. फानूस म्हणजे झुंबर, पण फानूस नावाच्या बारमध्ये ते नाही. काजू एका टेबलावर उरले तर दुसऱ्यावर जातात. खुर्च्या मात्र शहरात सर्वात आरामाच्या. शनिवारी संध्याकाळी कोपऱ्यातल्या टेबलावर एक निवृत्त साहेब असतात, तपकिरी बूट घातलेले. त्यांच्या शेजारी बसू नये. एकाहत्तरची लढाई ऐकावी लागते आणि ती संपत नाही.'

चंद्रप्रभाबाईंनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसून स्टेन्सिल कापली, शंभर प्रती काढल्या, आणि त्यातल्या काही संमेलनाच्या आधी सभासदांच्या घरोघरी पाठवून दिल्या.

पुढच्या शुक्रवारी त्यांच्याच दिवाणखान्यात बैठक होती. बबन इस्त्रीचा शर्ट घालून गेला. अध्यक्षांना त्यानं पूर्वी पाहिलं नव्हतं. अध्यक्ष बोलायला उठले, आणि त्या आवाजाच्या पहिल्याच वाक्याला बबनच्या हातातला चहा बशीत सांडला. त्यानं हळूच खाली पाहिलं. तपकिरी बूट.

स्क्वाड्रन लीडर आत्माराम सावर्डेकर, निवृत्त. उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशा. हातात आठ पानं.

"हे कुणी लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"मी, साहेब," बबन उभा राहिला. "बबन रामटेके."

"फानूसमधल्या त्या साहेबांना तुम्ही ओळखता?"

"तोंड नव्हतं पाहिलं, साहेब. मी गल्ल्याखाली होतो. बूट पाहिले आणि आवाज ऐकला. तुम्ही आहात हे ठाऊक असतं तर..."

"तर लिहिलं नसतं?"

बबनला वाटलं, हो म्हणावं आणि सुटावं. पण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"बूट लिहिले नसते," तो म्हणाला. "लढाई संपत नाही हे लिहिलंच असतं. मी दोनदा फोन दुरुस्त केला, साहेब. दोन्ही वेळा तुम्ही भरतीच्या दिवसापासून सुरुवात केली आणि माझा फोन आधी झाला."

कुणीतरी खोकलं. चंद्रप्रभाबाईंनी पदर तोंडाला लावला. सावर्डेकरांच्या मिशा थरथरल्या. राग होता की दुसरं काही, सांगता येईना. त्यांनी पानं टेबलावर ठेवली.

"ठीक आहे. रविवारी सकाळी नऊ वाजता तुमची स्कूटर घेऊन माझ्याकडे या. यातलं एकेक ठिकाण मला दाखवायचं. एक जरी गोष्ट खोटी निघाली तर संमेलनात स्टेजवर उभं राहून माफी मागायची. खोटी निघाली नाही तर हे सगळं जसंच्या तसं पाहुण्यांना वाटायचं. बुटासकट."

घरी आल्यावर बबननं मायाला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटायची थांबली. "झालं. पह्यल्यांदा बोलावलं आन् तुम्ही अध्यक्षाच्याच पायावर पाय देल्ला."

बारावीत शिकणारी भावना अभ्यासातून डोकं वर न काढता म्हणाली, "पापा, सच ही तो लिखा है। टेंशन क्यों ले रहे हो?"

रविवारी धुकं होतं. सावर्डेकर मफलर गुंडाळून मागच्या सीटवर ताठ बसले, जणू विमानात. पहिला मुक्काम चारबाग. स्कूटर थांबायच्या आत एक कुली आला आणि साहेबांच्या हातातल्या छत्रीकडे बोट दाखवून म्हणाला, "सामान उठा दें, साहब?"

"रामटेके, हे तुमचं कुलीचं प्रकरण," सावर्डेकर म्हणाले आणि कुलीकडे वळले. "अरे बाबा, छत्रीला कुली लागतो होय? तुझ्या आजोबांनी तरी कधी छत्री उचलली होती का?"

कुलीनं डोळे मिचकावले. "ये कौन-सी बोली है, साहब? कान को बड़ी अच्छी लग रही है।" त्यानं दुसऱ्या कुलीला हाक मारली. साहेबांना अजून तीन वाक्यं मराठीत भांडावं लागलं आणि मग दोघा कुलींनी त्यांना हातगाडीवरचा चहा पाजला.

साहेबांनी खिशातून पानं काढली आणि त्या ओळीपुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण केली. घंटाघर, बरोबर. रेसिडेन्सीत धुक्यातसुद्धा सात जोडपी, बरोबर. रूमी दरवाज्याच्या मागच्या बाजूला ते बराच वेळ उभे राहिले. "तीस वर्षं येतोय इथे," ते पुटपुटले. "हा कधी असा बघितलाच नव्हता." इतका वेळ नुसती 'हं' करणारी स्वारी आता बोलायला लागली होती. बबनची छाती फुगली.

आणि मग मोठा इमामबाडा आला, ज्याच्या वरच्या मजल्यावर तो भूलभुलैया होता. दारात जोडे काढले. गाइड पुढे झाला, साहेबांनी पानावरून धडा वाचल्यासारखं वाचून दाखवलं, "गाइडची गरज नाही", आणि दोघे एका अरुंद जिन्यानं वर चढले.

भूलभुलैयात बबन कधी गेलाच नव्हता. इमामबाड्याच्या कचेरीतला फोन त्यानं चारदा जोडला होता. वाऱ्याची युक्ती त्याला तिथल्या एका शिपायानं सांगितली होती, आणि शिपाई तेव्हा पान खात होता.

आत एक माणूस जेमतेम जाईल एवढ्या वाटा, अंधार, आणि गार भिंती. बबननं गाल पुढे करून वारा शोधला. वारा डावीकडून आला. ते डावीकडे गेले आणि एका झरोक्यापाशी पोचले. खाली खोल इमामबाड्याचा भलामोठा दिवाणखाना. मागे फिरले. वारा उजवीकडून आला. पुन्हा तोच झरोका. तिसऱ्या वेळी तोच झरोका दिसला तेव्हा सावर्डेकर एका पायरीवर बसले.

"रामटेके," ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही इथे आधी आला होता?"

"नाही, साहेब." बबन समोरच्या पायरीवर बसला. "बाकी सगळं पाहून लिहिलं. हे ऐकून लिहिलं. लाज वाटते."

"हं." "आता कुणी येईपर्यंत बसायचं. वेळ आहे. लढाई सांगू?"

बबन हसला. "सांगा. पण साहेब, भरतीपासून नको. शेवटाकडून सुरू करा."

सावर्डेकरांनी डोळे मिटले, जणू फिल्म उलटी गुंडाळत होते. मग म्हणाले, "मी वैमानिक नव्हतो. लोकांना वाटतं, आणि मी सुधारायच्या आत ते उठून जातात. मी सिग्नल्समध्ये होतो. सीमेजवळचा तळ. दुपारी दोन वाजता बॉम्ब पडले आणि कंट्रोल रूमची टेलिफोन लाइन तुटली. मी आणि कॉर्पोरल विष्णू, दोघे केबल घेऊन पळालो."

बबन सरसावून बसला. "किती जागी तुटली होती?"

सावर्डेकरांनी डोळे उघडले. बावीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "पाच. पाच जागी."

"जॉइंट कशानं बांधले? टेप होती?"

"दोन जॉइंटमध्ये संपली! मग विष्णूनं कुणाची तरी सायकल आडवी पाडली, ट्यूब फाडली, त्याच्या पट्ट्या गुंडाळल्या."

"पण जमीन ओली असेल तर पाणी शिरतं की."

"मेणबत्तीचं मेण ओतलं वरून."

बबननं मांडीवर थाप मारली. "मेण! साहेब, आम्हीपण पावसाळ्यात मेणच ओततो. खात्याच्या पुस्तकात नाही ते. मग? लागली लाइन?"

"लागली. विमानं पुन्हा येत होती. मी खंदकात पडून फोनचं हँडल फिरवलं. छाती धडधडतेय, कंट्रोल रूममधून काय हुकूम येतो म्हणून. आणि पलीकडून आवाज आला," सावर्डेकरांना हसू आवरेना, "आमचा मेसचा खानसामा! म्हणाला, 'साहब, रात को खाने पर कितने आदमी होंगे?'"

बबन इतका हसला की त्याचा आवाज त्या वाटांमधून फिरून परत आला. साहेबही हसत होते, मिशा पुसत होते. हसता हसता बबननं विचारलं, "आन् विष्णू?"

"आहे ना. साताऱ्याला. द्राक्षं लावलीत. दर वर्षी पेटी पाठवतो."

तेवढ्यात वाटेच्या टोकाला एक दिवा हलला. तो खालचा गाइड दहा-बारा पर्यटक घेऊन येत होता. दोघांना पाहून त्यानं अदबीनं मान झुकवली. बबननं त्याला वाऱ्याची युक्ती विचारली, तेव्हा तो म्हणाला, "जनाब, हवा तो यहाँ चारों तरफ़ से आती है।"

संमेलनाच्या पहिल्या दिवशी बबन स्टेजवर उभा राहिला. समोर साठ पाहुणे, शंभरेक सभासद, आणि तिसऱ्या रांगेत माया. तिच्याबरोबर मेश्राम आणि गजभिये यांची कुटुंबं. त्यांना आणायला सावर्डेकर आपली गाडी घेऊन स्वतः गेले होते. मायानं दार उघडलं तेव्हा ते म्हणाले होते, "वहिनी, बोलावणं चौदा वर्षं उशिरा आलंय. तरी यावं." मायानं 'चहा घेऊन निघू' म्हटलं होतं.

"भूलभुलैयाविषयी मी जे लिहिलं ते चूक आहे," बबन माइकमध्ये म्हणाला. "मी न बघता लिहिलं. पाहुण्यांची माफी मागतो. कृपया गाइड घ्यावा." तो जरा थांबला. "दुसरी चूक फानूसच्या साहेबांविषयी. त्यांच्या शेजारी जरूर बसावं. फक्त गोष्ट शेवटाकडून सांगायला लावावी."

टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत सावर्डेकर लाल झाले होते. मधल्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या मधुमती नावाच्या एका आजींनी त्यांना गाठलं आणि म्हणाल्या, "अहो, ती लढाई सांगा बघू." जेवणाची घंटा झाली तरी दोघं उठले नाहीत. बबनच्या आठ पानांच्या प्रती दुपारपर्यंत संपल्या आणि चंद्रप्रभाबाईंना पुन्हा मशीन फिरवावं लागलं.

पाहुणे गेले त्याच्या पुढच्या रविवारी बबन माया आणि भावनाला घेऊन इमामबाड्यात गेला, गाइडसकट. भूलभुलैया बघून ते खाली दिवाणखान्यात आले. गाइडनं सांगितलं की या टोकाला काडी ओढली तर त्या टोकाला ऐकू येते. भावनाला ते खरं वाटेना. म्हणून मायाला एका टोकाला उभं केलं आणि बबन दुसऱ्या टोकाला गेला, इतका लांब की माया बोटाएवढी दिसत होती. तिनं भिंतीकडे तोंड केलं. बबननं कान लावला.

स्पष्ट ऐकू आलं. "चला ना जी आता. भूक लागली."