मागे राहिलेली दोन चाकं

मी एक जुना हिवाळी टायर आहे. चिंचवडमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, साहेबरावांच्या स्कूटरच्या मागे, भिंतीला टेकून उभा असतो. मित्रांनो, हसलात ना? सगळेच हसतात. आपल्याकडे स्वेटर हिवाळी असतो, डिंकाचे लाडू हिवाळी असतात, टायर कुठला हिवाळी असायला? पण आमची एक वेगळी जात आहे, आणि मी त्या जातीचा आहे याचा मला थोडा गर्वही आहे.

माझा जन्म चाकणच्या एका कारखान्यात झाला, तोही ऐन मे महिन्यात. बाहेर डांबर वितळत होतं, आत मला साच्यात घालून शिजवत होते, आणि माझ्या अंगावर मात्र हिवाळी टायरची खूण, डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल, उमटत होती. साधा टायर कडाक्याच्या थंडीत कडक होतो आणि घसरतो. माझं रबर मुद्दाम असं बनवलेलं, की थंडीतही ते मऊच राहावं. बर्फ धरायला अंगभर बारीक बारीक चिरा. आम्हाला समुद्रापलीकडच्या एका थंड देशात जायचं होतं. माझे सगळे भाऊ कंटेनरमध्ये चढले. आम्ही चौघे तेवढे जादा ठरलो, आणि इकडून तिकडे फिरत दापोडीला अन्वरभाईंच्या दुकानात येऊन पडलो.

अन्वरभाईंनी आम्हाला चार काळ्या लोखंडी रिंगांवर चढवून कोपऱ्यात ठेवलं. गिऱ्हाइकं यायची, आमच्या खोल नक्षीत बोट घालायची आणि म्हणायची, हेच घाला की, आता डिसेंबरच आहे, म्हणजे हिवाळाच झाला. अन्वरभाई हसून सांगायचे, आपल्या हिवाळ्यात दुपारी पंखा लागतो; या रस्त्यावर हे टायर खोडरबरासारखे झिजतील आणि ब्रेक मारल्यावर गाडी नको तिथे जाऊन थांबेल. नफा सोडून देणारा दुकानदार मी तोच एक पाहिला. पण त्याच्या या चांगुलपणामुळे आम्ही दोन वर्षं कोपऱ्यात धूळ खात राहिलो. एकदा एका मांजरीने माझ्या रिंगच्या पोकळीत तीन पिल्लं दिली. तेवढाच काय तो माझा उपयोग.

मग एका दिवाळीत साहेबराव आले. मूळचे लातूरकडचे, पिंपरीच्या एका कंपनीच्या टूलरूममधून, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेले. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी स्वरूपा होती. ती डॉक्टर. हिमाचलमधल्या एका उंच खोऱ्यात एका संस्थेचा दवाखाना आहे, तिथे ती काम करत होती. दर आठवड्याला तीन गावांत जाऊन पेशंट तपासायचे आणि जायचं स्वतःच्याच छोट्या गाडीने. हिवाळ्यात तिथले रस्ते बर्फाने पांढरे होतात. सुट्टी संपली की ती हीच गाडी घेऊन परत निघणार होती.

साहेबरावांनी खिशातून बारीक माप घ्यायचा व्हर्नियर काढला आणि आमच्या रिंगांची भोकं मोजली. चकचकीत रिंगांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. लोखंड दगडावर आपटलं तर वाकतं, पण ठोकून सरळ करता येतं, असं त्यांचं मत. उन्हाळ्याची चाकं वेगळी आणि हिवाळ्याची वेगळी ठेवायची, हेही त्यांना पटलं. टायर दर वेळी रिंगवरून उतरवला की त्याची कड दुखावते. अख्खं चाक बदललं तर चार नट सोडायचे आणि चार आवळायचे, एवढंच काम. इतकं शहाणपणाचं बोलणं ऐकून मी मनातल्या मनात त्यांच्या गाडीत बसलोसुद्धा.

आणि तिथेच घोटाळा झाला. डिकीत सामानासकट दोनच चाकं मावत होती. स्वरूपा म्हणाली, टपावर कॅरिअर लावू. साहेबरावांना टपावर वजन मंजूर नव्हतं, आणि मुळात चार चाकांची गरजच पटत नव्हती.

“अन्वरभाई, ही गाडी पुढच्या चाकांवर चालती,” ते म्हणाले. “ज्याला पावर, त्यालाच पकड पाहिजे. मागची दोन काय, नुसती मागं मागं येत्यात.”

“काका, घ्यायचे तर चार घ्या, नाहीतर एकपण नको,” अन्वरभाई म्हणाले. “पुढचे गाडी नेतात, मागचे गाडी सांभाळतात.”

साहेबरावांनी बत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली होती आणि ती त्यांनी लगेच ऐकवली. टायरवाल्याने आपल्याला मशीन शिकवावं, हे त्यांना झोंबलं. खरं तर साहेबरावांना मुलीने तिकडे जायलाच नको होतं. चिंचवडमध्ये दवाखाने काय कमी आहेत, असं त्यांचं म्हणणं. शेवटी दुकानातच बापलेकीचा करार झाला. एकदा जरी गाडी हातातून गेली, तर स्वरूपाने नोकरी सोडून घरी यायचं. तिने शब्द दिला. माझे दोन भाऊ डिकीत गेले आणि मी अन् माझा जोडीदार कोपऱ्यातच राहिलो. मित्रांनो, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. नुसती मागं मागं येणारी चाकं! आयुष्यात एक बर्फ पाहायचा होता, तोही गेला.

जानेवारीत साहेबराव एकटे आले. स्टुलावर बसले आणि आल्या आल्या अन्वरभाईंवर चिडले. स्वरूपाची गाडी उतारावरच्या वळणावर घसरली होती. नशिबाने कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन रुतली. तिला आणि शेजारी बसलेल्या नर्सला खरचटलंही नाही. लपवायचं ठरवलं असतं तर तिला सहज लपवता आलं असतं. पण तिने त्याच दिवशी फोन करून सगळं सांगितलं, आणि महिनाअखेरीस घरी येते असंही सांगितलं. शब्द म्हणजे शब्द. तिच्या जागी हिवाळ्यात दुसरं कोणी मिळत नव्हतं, म्हणजे बर्फ वितळेपर्यंत दवाखाना बंद. इकडे तिच्या आईने, सावित्रीबाईंनी, लेकीची खोली रंगवायलाही काढली होती. साहेबरावांचं म्हणणं एकच, तुझ्या टायरनी धरलं नाही.

अन्वरभाईंनी वाद घातला नाही. फक्त विचारलं, “काका, घसरल्यावर गाडीचं तोंड कुठं झालं?”

“आली तिकडं. सगळी उलटी फिरली.”

“म्हणजे पुढच्यांनी धरलं. मागचे सुटले.”

टूलरूममधला माणूस काम बिघडलं की आधी खूण बघतो, आणि खूण काय सांगते हे त्याला कळतं. पुढची चाकं बर्फाला चिकटून थांबली होती आणि मागची साधी चाकं तशीच पुढे निघाली होती. हातातला चहा थंड झाला तरी साहेबराव स्टुलावर बसून होते. मला त्यांचा राग होता, पण त्या वेळी तो कुठल्या कुठे गेला. कारण या माणसाला जे हवं होतं ते आयतं मिळत होतं. गप्प बसले असते तर पंधरा दिवसांत मुलगी घरी आली असती आणि कोणाला काही कळलंही नसतं. ते उठले, आमच्याजवळ आले आणि खिशातल्या रुमालाने आम्हा दोघांची धूळ पुसायला लागले.

असा माझा प्रवास झाला. आधी रेल्वे, मग दोन बस, आणि बासष्ट वर्षांचा माणूस आम्हाला गोणपाटात बांधून ओढत होता. गाडीत टीसीने विचारलं, हे काय घेऊन चाललात? साहेबराव म्हणाले, लेकीकडे निघालोय, रिकाम्या हाताने कसं जायचं? टीसी हसला आणि पुढे गेला.

दवाखान्यापाशी पोहोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. गोणपाट सुटलं आणि मी पहिल्यांदा बर्फावर टेकलो. काय सांगू! अंगातली एक एक चीर उघडली. ज्यासाठी जन्माला आलो ते दोन वर्षं उशिरा का होईना, पायाखाली आलं. दारात स्वरूपा उभी होती. आत तिच्या दोन ट्रंका बांधून तयार होत्या.

“कशाला आणलीत ही, पप्पा? मी येतेय ना,” ती म्हणाली.

साहेबरावांनी गाडीखाली वाकून पाहिलं. जॅक लावला, जुनं चाक उतरवलं, मला मागच्या डाव्या बाजूला चढवलं. मग पाना फिरवता फिरवता, मान वर न करता म्हणाले, “शब्द गाडी तुझ्या हातून गेली तर, असा होता. ती तुझ्या हातून गेली न्हाई. माझ्या हातून गेली, तिकडं दापोडीलाच. चुकलं माझं.”

स्वरूपा तशीच बर्फात बसली. तिने उरलेले नट ओंजळीत घेतले आणि ती एकेक करून त्यांच्या हातात देत राहिली. बत्तीस वर्षांत टूलरूममध्ये ज्यांनी कधी ‘चुकलं’ म्हटलं नव्हतं, त्यांनी शेवटचा नट आवळला आणि पुन्हा एकदा आवळून पाहिला.

दुसऱ्या दिवशी स्वरूपा गावांना निघाली. साहेबराव मुद्दाम मागच्या सीटवर, बरोबर माझ्या वर बसले. त्याच उतारावर, त्याच वळणावर तिने हळूच ब्रेक दाबला. मी जीव खाऊन बर्फ धरला. गाडी जिथे थांबवली तिथेच, सरळ तोंड करून उभी राहिली. पुढच्या गावात पेशंट वाट पाहत होते, ते तपासून आम्ही परतलो. संध्याकाळी स्वरूपाने ट्रंका सोडल्या.

त्यानंतर मी पाच हिवाळे राबलो. बायाबापड्यांनी माझ्या नावाने नाही, पण डॉक्टरणीच्या गाडीच्या नावाने आशीर्वाद दिले, त्यातला माझा वाटा मी घेतला. माझी नक्षी झिजली तेव्हा साहेबरावांनी तिला नवा संच घेऊन दिला, चारही चाकांचा. मला ते परत चिंचवडला घेऊन आले; भंगारात द्यायला मात्र ते तयार नाहीत. सोसायटीचे लोक अधूनमधून कुरकुर करतात.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीला चार चाकं आहेत, तर चारही बघत जा. मागची दिसत नाहीत म्हणून त्यांना विसरू नका, आणि झिजलेली, जुनी ती मागे चालतील असं कोणी म्हणालं तर त्याला थांबवा. आणखी एक मागणं आहे. तुमच्या घरातलं एखादं मोठं माणूस कधी ‘माझं चुकलं’ म्हणालं, तर हसू नका. ते एवढंसं बोलायला माणूस किती लांब येतो, ते मी पाहिलं आहे.