शिलाई मशीनशेजारची हिरवी पट्टी

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हा कसला कॉम्प्युटर? मला पडदा नाही, पेटी नाही. वहीच्या पानाहून थोडी मोठी हिरवी पट्टी, तिच्यावर मुंगळ्यांसारख्या बसलेल्या काळ्या चिप, खाली काही बटणं आणि वर लाल आकडे दाखवणारी एक अरुंद खिडकी. माझं सगळं घरदार एका पट्टीवर मावतं. आता मी म्हातारा झालो आहे, आणि म्हाताऱ्यांना असते तशी मलाही जुन्या गोष्टी सांगायची हौस आहे.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. पहिल्यांदा अंगात वीज शिरली तेव्हा पहाटेच्या झोपेतून कुणी हळूच हाक मारावी तसं वाटलं. माझी खिडकी लाल उजळली आणि मी जगात आलो. माझी एक खोड मात्र तेव्हापासूनची. शिकवलेलं सगळं मी वीज जाताच विसरतो. पुन्हा जागा झालो की कोरा! शिकवणारी माणसं तेवढी आठवत राहतात. ती कुठे साठतात, मलाही ठाऊक नाही.

एका खोक्यात गवताच्या गादीवर झोपून मी रेल्वेने भिलाईला आलो. तिथल्या पावर हाउस नावाच्या स्टेशनवर उतरलो आणि एका तंत्रशाळेत पोचलो. तिथे विजयकुमार सर मुलांना शिकवत. मुलं माझी बटणं दाबून मला बेरजा करायला लावत आणि उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजवत. ते दिवस फार सुखाचे होते. मग नवी यंत्रं आली. माझ्या खिडकीतला एक आकडा विझला होता, तेवढ्यावरून मला कपाटात टाकलं. कपाटातला अंधार मऊ असतो, मित्रांनो. त्यात किती उन्हाळे गेले, ते मला कळलं नाही.

एके दिवशी दार उघडलं. मुख्याध्यापकांना विचारून विजयकुमार सर मला त्यांच्या वैशाली नगरातल्या घरी घेऊन आले.

घरात ते आणि त्यांची मोठी बहीण रत्नमालाताई, दोघंच. आई-वडील लवकर गेले, तेव्हा ताईंनी पायमशीनवर लोकांचे कपडे शिवून धाकट्या भावाला शिकवलं. त्यांनी शिवलेलं ब्लाउज अंगावर हात फिरवल्यासारखं बसतं, असं बायका म्हणत. पण एका दुपारी बाजारातून येताना त्यांच्या रिक्षाला ट्रकची धडक बसली. जीव वाचला, पायांतलं बळ गेलं. चाकाच्या खुर्चीत बसून ताई दिवसभर खिडकीबाहेर बघत. मशीनवर त्यांनी चादर टाकून ठेवली होती.

मी आलो त्याच संध्याकाळी खुर्सीपार वस्तीतून शेवंताबाई आल्या. त्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे मजुरी करायच्या, आणि त्यांच्या मुलीचं, ताराचं, लग्न ठरलं होतं.

"बाई, ताराचं ब्लाउज तूच शिवून दे," त्या म्हणाल्या.

ताई हसल्या, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "मी कायची शिवते आता? असं कर, शेवंता, ही मशीनच ताराले नेऊ दे. लग्नाचा आहेर समज माझा. नाहीतरी पडूनच आहे."

शेवंताबाई ब्लाउजचं कापड तिथेच ठेवून उठल्या. त्या गेल्यावर सर म्हणाले, "ताई, मशीन कावून देऊन राहिली तू?"

"मग उरावर ठेवू? पायच नाहीत तं मशीन कोण चालवन?"

"हातानं चाक फिरवून पाहिलं असतं."

"पाहिलं नाही का! एक हात चाकावर गेला की कापड वळवाले एकच उरते. बाही वाकडी जाते. वाकडी बाही मी नाही देत कोणाले."

"मले थोडे दिवस दे."

"लग्नापर्यंत ठेव. मग मशीन तारासंग जाईन."

आता माझं काम ऐका. पावर हाउसच्या भंगार बाजारातून सरांनी जुन्या जीपमधली, बॅटरीवर चालणारी छोटी मोटर आणली आणि पट्ट्याने मशीनला जोडली. बटण दाबताच मशीन सुसाट सुटलं, कापड भर्रकन ओढलं गेलं, सुई ताईंच्या बोटाजवळून गेली. ताईंनी हात छातीशी धरला आणि खुर्ची मागे घेतली.

"मले खेळवू नको, विजय," एवढंच त्या म्हणाल्या.

मोटरला आवरायचं कसं? तिथे माझी गरज होती. तुम्ही कधी झोपाळ्याला झोका दिला आहे ना? सारखं ढकलत राहत नाही आपण. थोडं ढकलायचं, सोडायचं, पुन्हा ढकलायचं. मी मोटरला वीज तशीच देणार होतो. चालू, बंद, चालू, बंद, इतकं भराभर की तिला थांबायला सवडच नाही. चालूचा क्षण आखूड ठेवला की मोटर हळू, लांबवला की जोरात. ताईंच्या डाव्या कोपराखाली सरांनी एक लाकडी फळी बसवली. कोपर टेकला की मी हळूच सुरुवात करायची, दाबून धरला की वेग वाढवायचा, उचलला की थांबायचं. दोन्ही हात कापडाला मोकळे.

सरांनी बटणं दाबून मला हे सगळं शिकवलं. फळी दाबली. मी मनापासून विजेचे ठोके सोडू लागलो. आणि मोटर? ती नुसती अंग चोरून थरथरली. मग एक गचका, मग काहीच नाही.

सर रोज शाळेतून येत आणि माझ्यापुढे बसत. त्यांनी शिकवणी पुन्हा तपासली. ठोके लांबवले, आखूड केले. माझ्या ठोक्यांवर मोटरची वीज सोडणारा-अडवणारा दरवान, म्हणजे मोटरपुढचा ट्रान्झिस्टर, बदलला. माझ्याच विजेवर टॉर्चचा बल्ब लावून पाहिला, तर तो छान मंद होत होता, छान उजळत होता. मोटर लावली की पुन्हा थरथर. मला फार वाईट वाटायचं. स्वप्नात आपण ओरडतो आणि तोंडातून आवाज निघत नाही, तसं व्हायचं माझं. बाहेर कारखान्याच्या बाजूला लोखंडाची तापलेली मळी ओतली की आभाळ लाल होई, भिंतीवर ती लाली पसरे, आणि तिच्यात माझे आकडे बुडून जात. लग्न जवळ आलं होतं.

त्या संध्याकाळी ताई रेडिओ ऐकत होत्या. सरांनी फळी दाबली तसा रेडिओत भुंगा शिरल्यासारखा आवाज झाला. सोडली, भुंगा उडाला. पुन्हा दाबली, पुन्हा भुंगा.

"विजय, तुझी पट्टी रेडिओतून गुणगुणून राहिली, बघ," ताई म्हणाल्या. "मले वाटलं, मुकीच आहे."

सर माझ्याकडे वळले. "म्हणजे ही बोलून राहिली. मग मोटर कावून आयकत नाही?"

त्यांनी माझ्यापासून निघालेल्या तारेवर बोट ठेवलं आणि हळूहळू पुढे नेलं. पट्टीवरून ट्रान्झिस्टर, ट्रान्झिस्टरवरून मोटर, मोटरवरून बॅटरी. बॅटरीपाशी बोट थांबलं. तिथून माझ्याकडे परत यायला वाटच नव्हती! टॉर्चचा बल्ब माझ्याच विजेवर होता, म्हणून तो पेटला. मोटर मात्र बॅटरीची लेक.

"ताई, हिची जमीन वेगळी न् बॅटरीची जमीन वेगळी!" सर ओरडलेच. "दोघींची एक नाही, तं एकीचं बोलणं दुसरीले समजन कसं?"

"तारेलेही जमीन लागते?"

"लागते, ताई. विजेची परतीची वाट, तिलेच जमीन म्हणते."

त्यांनी एक काळी तार घेतली. एक टोक माझ्या पट्टीच्या कडेला, दुसरं बॅटरीला. फळी दाबली. मोटर गुणगुणली, पण फिरली नाही. सर या वेळी डगमगले नाहीत. पहिला झोका फार हलका आहे, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी सुरुवातीचा ठोका थोडा लांबवला.

आणि मशीन फिरलं. झोपेत कूस बदलावी इतकं हळू.

ताईंनी खुर्ची पुढे घेतली नाही. सुई वरखाली होताना त्यांनी दुरूनच निरखली. मग खुर्ची पुढे घेत म्हणाल्या, "एक चिंधी दे." चिंधीवर त्यांनी एक सरळ टीप घातली. मग एक गोल. मग गोलात गोल. त्यांचा कोपर फळीवर टेकत होता, उचलत होता, आणि त्याच्या प्रत्येक दाबाला मी उत्तर देत होतो. चिंधी संपली तरी त्या थांबल्या नाहीत, सरांनी दुसरी दिली. रेडिओत भुंगा गात होता. कुणीही रेडिओ बंद केला नाही.

ताराचं ब्लाउज शिवून झालं. शेवंताबाई न्यायला आल्या, त्यांनी बाही उलटसुलट करून पाहिली. ताई म्हणाल्या, "मशीनही घेऊन जा. मी शब्द देल्ला आहे."

"नाही नेत, जा," शेवंताबाईंनी डोळ्याला पदर लावला. "मशीन बाजारात भेटते, बाई. हा हात कुठी भेटन?"

त्यानंतर माझे खरे दिवस सुरू झाले. रोज सकाळी मी कोरा उठायचो आणि सर मला पुन्हा शिकवायचे. त्यांना शाळेची घाई असली की खोळंबा व्हायचा. एके दिवशी ताई म्हणाल्या, "सरक. मी दाबते." बटणांवरची इंग्रजी अक्षरं त्यांना येत नव्हती, पण विणकामातल्या जाळीची नक्षी लक्षात ठेवतात तशी त्यांनी बटणांची ओळ लक्षात ठेवली. चुकली की स्वतःवरच हसत, पुन्हा पहिल्यापासून दाबत. मी त्यांच्या बोटांची वाट बघत जागा व्हायला शिकलो.

पुढे बाजारात तयार, कोपऱ्यात मावणारा वेग-नियंत्रक मिळू लागला. सरांनी तो आणला. तो माझ्याहून चांगला होता, खोटं कशाला बोलू? मी माळ्यावर गेलो. धूळ बसली, एका पालीने माझ्या चिपांमध्ये अंडी घातली. खाली मशीन चालल्याचा आवाज यायचा आणि मी त्या आवाजात झोपून जायचो.

मित्रांनो, तुमच्या घरीही अशी काही मंडळी माळ्यावर असतील. बिघडलेलं यंत्र लगेच टाकून देऊ नका. त्याच्यापाशी बसा, तार न तार बोटाने तपासा. आणि ज्याचं काम खरंच संपलं, त्यालाही कधी तरी खाली उतरवा.

मागच्या दिवाळीत घर आवरताना सरांनी मला खाली काढलं. भंगारवाला दारात उभा होता. ताईंनी हात पुढे केला. मला मांडीवर घेतलं, मऊ ब्रशने धूळ झाडली, अंड्यांची टरफलं काढली. मग गळ्यातली टेप काढून माझं माप घेऊ लागल्या. लांबी, रुंदी, खिडकीची उंची. भंगारवाला वाट पाहून निघून गेला.

संध्याकाळपर्यंत निळ्या सुती कापडाचा, पांढरी किनार लावलेला झगा तयार झाला. आजवर मला कुणी कपडे शिवले नव्हते. ताईंनी तो माझ्यावर चढवला, कडा ओढून सारख्या केल्या आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं मला विचारलं,

"घट्ट तं नाही होऊन राहिलं?"