तळघरातला बर्फाचा देव

मे महिन्यातला सोमवार, भर दुपार. डांबराला चपला चिकटत होत्या. नागपूरच्या महाल भागातल्या एका लग्नाच्या हॉलच्या उतारावर शे-दीडशे माणसं डोक्याला दुपट्टे गुंडाळून, खिशात कांदे घालून रांगेत उभी होती. उतार खाली तळघरात जात होता आणि तळघरात देव प्रकटला होता. साधासुधा नव्हे, बर्फाचा.

"नागपूरच्या उन्हात बर्फाची पिंड, बाप्पा! मी सोता हात लावून पाह्यला. बोटं सुन्न!"

"अन् सोमवारी वाढते म्हणते. बाकी दिवस बोटभर, सोमवारी हातभर."

"वाढनच न! महादेवाचा वार हाय."

माझ्या कपाळाची शीर तडतडायला लागली. मी चारुलता, धंद्यानं भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. ऑपरेशनच्या टेबलावर माणसाला बेशुद्ध करायचं आणि मग शुद्धीवर आणायचं, यात माझा जन्म गेला. पहिलं काम कोणालाही जमतं, दगड घातला तरी जमतं. डॉक्टर लागतो तो दुसऱ्या कामासाठी. आणि ह्या तळघरात माणसं बेशुद्ध पडतात, त्याला समाधी म्हणतात, असं ऐकून होते.

ऐकून होते ते माझ्या थोरल्या बहिणीकडून, यमुताईकडून. तिचा एकुलता एक मुलगा अपूर्व दोन वर्षांपूर्वी वर्धा रोडवर मोटारसायकलवरून गेला तो परत आला नाही. तेव्हापासून ताई जेवायची, झोपायची, पण घरात नसल्यासारखीच असायची. ह्या तळघरात तिला दोनदा समाधी लागली आणि दोन्ही वेळा अपूर्व दिसला. आज महाराज तिला जास्त वेळ बसू देणार होते.

"तू नको येऊ, चारू," रांगेत ती म्हणाली. "तुझ्यानं विघ्न येते."

"मग तू पण नको जाऊ न."

"माझा पोरगा खाली हाय अन् मी जाऊ नको?"

हात धरून ओढलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी एकटी आली असती. मी तिच्यामागून उतरले.

आत गारेगार. बाहेरच्या भट्टीतून आलेल्या माणसाला तेवढंच पुरे, अर्धी भक्ती तिथंच बसते. एकही खिडकी नाही. एकच मोठं लोखंडी दार, तेही गारवा जाऊ नये म्हणून बाहेरून कडी लावून बंद. बाहेरच्या सेवेकऱ्यांना ताकीद होती, आतून कितीही आरडाओरडा झाला तरी महाराजांच्या गादीजवळच्या बटणानं घंटी वाजल्याशिवाय दार उघडायचं नाही, कारण अंगात आलं की माणसं दार ठोकतात.

हॉलच्या टोकाला जुन्या देवळासारखा खोलगट गाभारा केला होता. चार पायऱ्या खाली, जेमतेम चार माणसं आडवी होतील एवढा खड्डा. मागे थर्माकोलचा हिमालय. खड्ड्यात सिमेंटची शाळुंका आणि तिच्यात उभा, पांढराशुभ्र, हातभर उंचीचा बर्फ. वरून साखळीला लामणदिवा टांगलेला. खरं सांगते, क्षणभर मलाही हात जोडावेसे वाटले.

उंच गादीवर हिमनाथ महाराज बसले होते. गेल्या वर्षापर्यंत ह्यांचं नाव भैयाजी होतं आणि हा हॉल भाड्यानं देण्याचा त्यांचा धंदा होता. धंदा बसला, देव उठला.

"खुर्ची म्हणजे अहंकार!" महाराज माइकवर गरजले. "खुर्चीवर बसलेल्याले समाधी लागली, असं कोणी पाह्यलं काय? नाही! देव काहून भेटन त्याले? खाली या. लोटांगण घाला. नाक जमिनीले लावा. जितके खाली जासान, तितके देवाजवळ जासान!"

आम्ही खुर्चीवरच्या अहंकारी बाया म्हणजे मोडक्या गुडघ्यांच्या बाया. माझ्या शेजारी काटोलच्या प्रयागबाई होत्या, स्वतःची संत्र्याची बाग सांभाळणाऱ्या, खुब्यात सळई घातलेल्या.

"थंडीत आली होती मी, तवा देव नव्हता," त्या कुजबुजल्या. "महाराज म्हणे, देव कैलासावर गेले. थंडीत कोणी कैलासावर जाते काय वं?"

मला हसू फुटलं. बाई हुशार होती.

तीर्थ आलं, बर्फाचं पाणी. त्यात भांग असणार असा माझा ठाम समज होता, म्हणून मी ते पदराआड सांडलं आणि स्वतःला फार शहाणी समजून बसून राहिले.

पहिल्या चौघी खाली उतरल्या आणि सतरंजीवर पालथ्या पडल्या. आरती सुरू झाली, झांजा, टाळ्या, गदारोळ. आरती संपली तेव्हा चौघींपैकी तिघी हलत नव्हत्या. "समाधी! समाधी!" घंटी वाजली, दार उघडलं, सेवेकऱ्यांनी त्यांना उचलून उतारावर नेलं. मी मागोमाग धावले.

एकीचे ओठ पाहिले आणि तिचा हात उचलून नखं पाहिली. ओठ निळे, नखं निळी. असे ओठ माझ्या टेबलावर दिसले असते तर मी सर्जनला हात थांबवायला लावला असता. बाहेरची गरम हवा लागली तशा तिघी एकेक करून डोळे उघडायला लागल्या. "दिसले! मले दिसले!" म्हणून एक रडत होती.

भांग नव्हे. तीर्थ तर खुर्चीवरच्या बायाही प्यायल्या होत्या, त्या टुणटुणीत होत्या. पडल्या त्या फक्त खड्ड्यातल्या. वर शुद्ध, खाली बेशुद्ध. अगं बाई, हे तर हवेचं काम आहे! मी वळले आणि जिवाच्या आकांतानं आत शिरले. मागे दार सरकलं आणि बाहेरून कडी पडली.

यमुताई पुढच्या चौघींत खड्ड्यात उतरलेली होती. तिचा पांढरा अंबाडा तेवढा मला दिसला, जमिनीला टेकलेला.

"ताई! वर ये! खाली हवा नाही, ताई!"

झांजांत माझा आवाज कोणाला ऐकू जाणार? ज्यांना गेला ते हसले. महाराज माइकवर म्हणाले, "डॉक्टरबाईच्या अंगात संशय आला हाय. जोरात म्हणा!" लोकांनी जोरात म्हटलं. मी दाराकडे धावले, दोन्ही मुठींनी दार बडवलं. बाहेर सेवेकऱ्यांनी माझ्या बडवण्यावर ताल धरला. दोन माणसांनी मला धरून खुर्चीत बसवलं, अगदी प्रेमानं, "शांत व्हा माय, होते असं" म्हणत. इतकी शिकलेली बाई मी, आणि माझी बहीण माझ्या डोळ्यांदेखत मरत होती आणि मला हलता येत नव्हतं. मी घाबरले. माझ्या आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते.

ओरडून उपयोग नव्हता. ह्या माणसांना आधीच ठाऊक असलेलं काहीतरी हवं होतं. मी प्रयागबाईंचा हात पकडला.

"प्रयागबाई, तुमच्या विहिरीतला गाळ काढाले माणूस उतरवता न, त्याच्या आधी काय उतरवता?"

"हे काय इचारता आता?"

"सांगा! आधी काय?"

"आधी कंदील. कंदील इझला तं माणूस उतरत नाही. आमच्या शेजारचे दोघं भाऊ गेले न तसे, एकाच्या मागं..." आणि प्रयागबाईंनी खड्ड्याकडे पाहिलं. मग खुब्यातल्या सळईची पर्वा न करता त्या उठल्या, सरळ लामणदिव्यापाशी गेल्या आणि साखळी हुकावरून सोडून दिवा खाली सोडायला लागल्या.

पहिली पायरी, ज्योत उभी. दुसरी पायरी, ज्योत थरथरली आणि घशात झोंबणारा वास आला. तिसऱ्या पायरीशी दिवा विझला. वारा नाही, फुंकर नाही.

"देवानं फुंकर मारली!" महाराज म्हणाले.

प्रयागबाईंनी दिवा ओढून घेतला, निरंजनावर पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा तिसरीच पायरी. झांजा थांबल्या. त्या गर्दीत निम्मी माणसं शेतावरची होती, कळमेश्वरची, पारशिवनीची. त्यांना समजावून सांगायची गरज उरली नाही.

"बाप्पा रे, हे तं इहिरीतली हवा हाय!" कोणीतरी ओरडलं.

"महाराज," प्रयागबाई वळून म्हणाल्या, "तुमी उतरा बरं एकडाव. घाला लोटांगण."

महाराजांनी दिव्याकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं आणि पाय गादीवर आणखी वर ओढून घेतले. ते सगळ्यांनी पाहिलं. एक माणूस गादीवर चढला आणि घंटीचं बटण दाबून धरलं, तसं दार उघडलं.

एकजण खड्ड्यात उडी मारायला निघाला. "उतरू नको!" मी किंचाळले. "एक गेला की दुसरा जातो! सतरंजी ओढा, वरून ओढा!" चौघांनी श्वास रोखून वाकून सतरंजीचं टोक धरलं आणि चौघींसकट ती पायऱ्यांवरून खेचली.

ताई सगळ्यात आत होती. तिचा चेहरा शिशासारखा झाला होता. उतारावर आणून मी तिची हनुवटी वर केली, नाक दाबलं, तोंडाला तोंड लावून श्वास दिला. नाडी होती, बारीकशी. देत राहिले. उन्हानं गुडघे भाजत होते. बाकीच्या तिघी खोकत उठून बसल्या तरी ताई उठेना. मग तिच्या छातीत एक घरघर झाली आणि तिनं स्वतःहून श्वास ओढला.

डोळे उघडून तिनं मला पाहिलं. "काहून आणलं वं मले वर?" ती म्हणाली. "तो बोलणारच होता."

मी तिथंच बसून भोकाड पसरलं. भर रस्त्यात, लोकांसमोर.

पोलीस आले, भैयाजींना घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दार सताड उघडं ठेवून, मोठे पंखे लावून, त्याच गर्दीसमोर थर्माकोलचा हिमालय उतरवला. मागे निघाला एसी, हॉलला लावतात तसला भलामोठा, थंडीत उलटा चालवला की खोली गरम करणारा. वैभव नावाच्या मेकॅनिकनं साबणाचं पाणी घोटून फेस केला आणि खड्ड्यातल्या तांब्याच्या पाइपाच्या जोडाला ब्रशनं लावला. फेसाला फुगे यायला लागले. एक फुटला की दुसरा. पोट्टे टाळ्या वाजवायला लागले.

"हा गॅस गळून राहिला," वैभव म्हणाला. "हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात बसते, हवेले वर ढकलते. बसवतानाच पाइपात नायट्रोजन भरून प्रेशर पाहा लागते. काटा उतरला म्हणजे गळती. मंग व्हॅक्यूम मारून आतली हवा अन् ओल काढा लागते, तवा गॅस. तळघर असन तं ताजी हवा आणणारा पंखा पाह्यजे, जमिनीजवळ गळती ओळखणारं यंत्र पाह्यजे. इथं काहीच नाही. मी जोड कसतो म्हटलं तं भैयाजी म्हणे, कसू नको, फक्त गॅस टाकत जा. गळती गेली तं देव जाईन." त्यानं मान खाली घातली. "मी टाकत गेलो. चुकलंच माझं."

"आणि बर्फ?" लोकांनी विचारलं.

ते मी सांगितलं. गॅस कमी झाला की पाइप बर्फापेक्षाही थंड होतो. भैयाजींनी त्यावरचं आवरण सोलून पाइप शाळुंकेत उभा वाकवला होता. बंद खोलीत माणसं श्वास सोडतात, घाम गाळतात, ती वाफ त्या पाइपावर गोठते. सोमवारी माणसं जास्त, म्हणून वाफ जास्त, म्हणून देव हातभर. थंडीत यंत्र उलटं चालतं, पाइप तापतो, देव कैलासावर. तुम्ही तीर्थ म्हणून प्यायलात ना, तो तुमचाच श्वास होता. एका बाईनं पदर तोंडाला लावला.

वैभवनं मलाही सोडलं नाही. "डॉक्टरबाई, दिवा सोडून बी वाचल्या, थे नशीब समजा. नव्या मशिनीतला गॅस पेट घेते, तसा असता तं भडका उडला असता. हा पेटत नाही, पण ज्योतीवर त्याचा इखारी धूर होते. घशाले झोंबलं न?" मी कानाला हात लावला.

घरी तिसऱ्या दिवशी ताईनं विचारलं, "म्हणजे अपूर्व नव्हता?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "नव्हता, ताई. मेंदूले हवा कमी पडली की आपल्याले जे हवं ते दिसते."

ती भिंतीकडे तोंड करून खूप रडली. अंत्यविधीलाही इतकी रडली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

पुढच्या सोमवारी उतारावर पुन्हा रांग लागली, हॉलला कुलूप असताना! भैयाजींच्या माणसांनी उठवलं होतं की डॉक्टरणीनं समाधी मोडली, म्हणून देव रुसला. ताईनं चपला घातल्या आणि मला म्हणाली, "चल."

रांगेत पुढेच एक कोवळी बाई उभी होती, हातात एका लहान मुलीचा फोटो. ताई तिच्यापाशी गेली.

"कोण वं ही?"

"माझी मुलगी. लोक म्हणते, खाली दिसते."

"मी खाली जाऊन आली," यमुताई म्हणाली, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी. "मले माझा पोरगा दिसला, कारण मी मरून राहिली होती. थो तिथं नाही. तुही पोरगी बी तिथं नाही. देव मानाचा तं माना, मी बी मानते. पण ज्या देवाले दार बंद लागते, खिडकी चालत नाही, प्रश्न चालत नाही, तिथं पाय ठेवू नका. बंद खोलीत माणूस पडलं तं आरती म्हणू नका. पहिले दार उघडा."

ती बाई फोटो छातीशी धरून उभीच राहिली. मग ताईनं तिचा हात धरला आणि दोघी उतार चढून वर रस्त्यावर आल्या.