सुकदेवची माती

सरुबाईनं दिवेलागणीला पुन्हा तिसरी थाळी वाढली आणि थोरल्या लेकाचं, कारभारीचं, डोकं फिरलं. दिवसभर बाजरी कापून त्याची कंबर धरली होती.

"माय, कोणाले वाढतेस?"

"सुकदेव दारात उभा हाय. पांढरं नेसलाय. आत ये म्हटलं तं येत न्हाई."

ही सत्याऐंशी सालची गोष्ट. धाकटा सुकदेव साक्रीकडचं हे गाव सोडून सिल्वासाला कारखान्यात गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. आठ महिने पत्र नव्हतं. त्याच्या आधीची दोन पोरं दगावली, म्हणून सरुबाईनं गावच्या पीरबाबाचा ताईत त्याच्या गळ्यात बांधला होता. गावात निम्म्या पोरांच्या गळ्यात तो असतोच.

"जित्ता असंल तं त्याले आण," ती म्हणाली. "नसंल तं हाडं आण, तापीत सोडू. लेकरू किती दिस ताटकळंल?"

कारभारी सिल्वासाला गेला. तिथल्या आमलीच्या पोलीस चौकीत हवालदारानं कपाट उघडून ताईत काढला. दोऱ्याची गाठ मायनं मारलेली, कारभारीनं लगेच ओळखली. सरकारदरबारी माणूस हरवतो, ताईत मात्र बरोबर सापडतो! ट्रकखाली आलेला बेवारस पोरगा. ताईत बघून मुसलमान समजले आणि मशिदीच्या लोकांकडं सोपवला. कारभारी कसाबसा मशिदीपर्यंत पोचला आणि पायरीपाशी थबकला. आत जावं की नाही, त्याला कळेना.

"भाई, उभा का? आत ये, आधी पानी पी," कासमचाचा म्हणाले. मयताला आंघोळ घालायचं काम तेच करत. कारभारीनं सगळं सांगितलं, तसा त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"मला मालूम होतं," ते हळूच म्हणाले. "न्हाऊ घालताना समजलं, पोरगा आमच्यातला नाय. पण बोललो असतो तर परत दवाखान्याच्या त्या मुडद्यांच्या थंड खोलीत पडला असता. कोण नेणार होतं त्याला? कफन घातला, माती दिली. खुदा माफ करेल, पण पोराची माफी राहिली. दर जुम्म्याला जाऊन मागतो."

"कफन... पांढरं?"

"पांढराच."

कारभारीला मायच्या दारातलं ते पांढरं आठवलं.

मशिदीतल्या लोकांनी त्याला चहा पाजला आणि कबरस्तानात नेऊन कुदळ हातात दिली. तुमचा माणूस, तुमचा हक्क, म्हणाले. कबरीवर सब्जा वाढला होता. कारभारीनं कुदळ उचलली. खाली एक पावसाळा होऊन गेलेला भाऊ होता. कासमचाचा तोंड फिरवून उभे होते. कारभारीचा हात काही खाली येईना. त्यानं कुदळ बाजूला ठेवली.

"ऱ्हाऊ द्या, चाचा. आमच्यातबी तान्ही लेकरं पुरतातच. निजलाय त्याले उठवत न्हाई. आन् माफीचं म्हणता, तं मी त्याचा थोरला भाऊ हाय. दिली."

म्हातारा कबरीपाशी बसून मोकळा रडला. दोघांनी मिळून कबरीवर पाणी घातलं. कारभारीनं मूठभर माती उपरण्यात बांधली आणि परतताना ती तापीत सोडली.

घरी सरुबाईनं सगळं ऐकून घेतलं. दिवेलागणीला थाळी वाढली आणि दाराकडं बघत बसली. भाकरी निवली, वात सरली.

"आला का?" कारभारीनं विचारलं.

"न्हाई."

त्याला हायसं वाटलं. "सुटला तो, माय."

सरुबाईनं ती भरली थाळी मांडीवर ओढली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा हंबरडा फोडला.

"सुटला म्हणतोस! इतके दिस दारात तरी येत व्हता रे!"