क्लबामागची अर्धी जागा

नगरपालिकेचं पत्र सप्टेंबरात आलं. नोव्हेंबर उजाडला तरी मी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. तसं ते पत्र माझ्या नावाचं नव्हतं, आमच्या कर्लिंग क्लबच्या नावाचं होतं. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत वर्तुळाच्या मध्याशी नेण्याचा खेळ. पण क्लबचा सचिव मी. आयुष्यभर ग्रंथालयात काम केलेल्या माणसाला लिहिता येतच असणार, अशा समजुतीनं मला सचिव केलं होतं. मला वाचता येतं. लिहायला बसलो की पहिल्याच वाक्याशी अडखळतो, आणि मग वाटतं, हे कोणीतरी दुसऱ्यानं लिहिलेलं बरं.

शिवाय उत्तर काय द्यायचं, तेच ठरत नव्हतं. क्लबच्या मागे पार्किंगची मोठी जागा आहे. ती नगरपालिकेची, आम्हाला भाडेपट्ट्यानं दिलेली. तिच्यातली अर्धी परत द्या, असं पत्रात होतं. नदीकाठी तंबूंत राहणाऱ्या लोकांसाठी तिथे छोटी लाकडी घरं बसवायची होती. पाणी आणि वीज तिथे आधीच आहे. जमीन गोठण्याआधी घरं उभी राहतील अशी दुसरी जागा गावात नव्हती. आम्ही नाही म्हटलं, तर सगळं पुढच्या वर्षावर जाणार होतं. म्हणजे यंदाचा हिवाळा तंबूत. आमच्याकडचा हिवाळा.

दोन महिने क्लबात दुसरा विषय नव्हता. शेवटी आमचा अध्यक्ष डूगल पेट्री माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "गुरुवारी खेळ झाला की बसू आणि हात वर करून संपवू. आर्वोच्या ड्रॉवरमध्ये ते पत्र अंडी घालायला लागलंय."

गुरुवारी माझा संघ डूगलच्या संघाविरुद्ध होता आणि आमचे दोघे जण आलेच नाहीत. एकाला पाठीनं धरलं होतं, दुसऱ्याला बायकोनं. संघ चौघांचा, पण निदान तिघांशिवाय खेळ होत नाही. मेव्हिस, क्लबचं स्वयंपाकघर चालवणारी, हात पुसत बाहेर आली.

"व्हर्ना मागच्या दाराशी सूप पितेय. तिला घ्या."

"ती सभासद नाही आता," डूगल म्हणाला.

"भिंतीवरच्या चषकांवर नाव आहे ना तिचं? का तेही पुसू? आणि दोघा म्हाताऱ्यांना हरवून घरी काय सांगशील, राजा?"

व्हर्ना कोस्टियुक पूर्वी महिलांच्या संघाची कप्तान होती. तिची इमारत विकली गेली, नव्या मालकानं भाडं दुप्पट केलं, आणि मे महिन्यापासून ती नदीकाठी तंबूत राहत होती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. भेटली की आम्ही हवापाण्याविषयी बोलायचो.

ती आत आली, कोट काढला, कोणाचे तरी बूट घातले आणि मला म्हणाली, "आर्वो, तू अजून दगड सोडताना डोळे मिटतोस का?"

"हो."

"बरं. मग मी सांगेन तेव्हा उघड."

खेळ शेवटच्या दगडापर्यंत बरोबरीत चालला. तो दगड डूगलच्या संघाचा होता. बर्फावरून सरळ वर्तुळाच्या मध्याकडे निघालेला, आणि तो सरकत राहावा म्हणून डूगल त्याच्यापुढे वाकून जीव खाऊन बर्फावर झाडू मारत होता. दगड थांबला तो अगदी मधोमध. आम्ही हरलो होतो. मी अभिनंदनासाठी हात पुढे करून निघालोही होतो.

डूगल सरळ झाला आणि त्यानं हात वर केला. "लागला. माझा झाडू लागला."

कोणीच पाहिलं नव्हतं. आमच्या खेळात पंच नसतो. चालत्या दगडाला ज्याचा स्पर्श होतो त्यानं तो स्वतःच सांगायचा, आणि मग तो दगड बाद. दुसऱ्याचा झाडू लागला असं ओरडणं म्हणजे गावंढळपणा. डूगलनं स्वतःच्या पायानं तो दगड बाजूला सारला. उरलेल्यांत मध्याच्या सगळ्यात जवळचा दगड आमचा होता, म्हणून आम्ही जिंकलो.

मग रिवाजाप्रमाणे दोन्ही संघ एका टेबलाशी बसले. पहिला ग्लास जिंकणाऱ्यांनी पाजायचा असतो. मेव्हिसनं व्हिस्की ओतली आणि व्हर्नानं ती नेऊन डूगलसमोर ठेवली. बाकीचे सभासद खुर्च्या ओढून भोवती जमले.

डूगल चांगला बोलतो. "माझं काळीज काही बर्फाचं नाही," तो म्हणाला. "पण स्पर्धेच्या दिवशी बाहेरगावचे संघ येतात. त्यांच्या गाड्या काय मी डोक्यावर ठेवू? स्पर्धा गेली तर क्लब गेला." यात खोटं काही नव्हतं. बऱ्याच माना हलल्या.

मग मागून रॉय हडसन, आमचा खजिनदार, म्हणाला, "आणि बाजूच्या दाराचं कुलूप? ऑक्टोबरात कोणी तोडलं ते? आत्ताच हे हाल, मग दाराशी राहायला आल्यावर काय?"

"तेच म्हणतोय मी," कोणीतरी म्हणालं. "एवढी वर्षं कधी कुलूप तुटलं नव्हतं."

कुजबुज वाढली. व्हर्नानं आपला ग्लास टेबलावर जरा दूर सरकवला.

मी उभा राहिलो. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचणार असं समजून सगळे खुर्चीत सैल झाले.

"बर्फावर आपण दुसऱ्याचा स्पर्श कधी सांगत नाही," मी म्हणालो. "मग या कुलपाचं... म्हणजे, पाहिलंय का कोणी?"

एवढंच. खाली बसलो आणि वाटलं, चुकलंच. सचिवानं मध्ये बोलायचं नसतं.

कोणी पाहिलं नव्हतं. रॉय म्हणाला, "पाहायला कशाला हवं?" डूगल हातातला ग्लास फिरवत बसला होता.

"कुलूप मी तोडलं," तो म्हणाला.

"काय?"

"किल्ली घरी राहिली होती. जोराची लागली होती. खांदा मारला."

असा हशा उसळला की बर्फावर सराव करणारी पोरं काचेला नाकं लावून बघायला लागली.

"अरे मेल्या!" मेव्हिस ओरडली. "मी सुताराला बोलावलं तेव्हा शेजारी उभा राहून 'काय दिवस आलेत' म्हणत होतास!"

"म्हणत होतो," डूगल म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "कुलूप माझं. पण माझं मत अजूनही 'नाही' असंच आहे. गाड्या कुठे लावायच्या ते सांगा."

"शाळेच्या आवारात," व्हर्ना म्हणाली. "शनिवार-रविवार मोकळंच असतं. मी कायम तिथेच लावायची. इथे तुमचे पिकअप दोन-दोन जागा अडवून बसलेले असतात, डूगल. तुझा तीन."

"आणि बर्फ वितळल्यावर हे लोक जातील का?" रॉयनं विचारलं.

"मी तरी नाही जाणार. मला राहायचंय, रॉय."

हात वर झाले. डूगलनं स्वतः मोजले. विरोधात हात वर करून, दुसऱ्या हाताच्या बोटानं मोजले, आणि धावफलक वाचावा तशा आवाजात म्हणाला, "मंजूर."

मी तिथेच लिहायला बसलो. खाडाखोड करून एक वाक्य जमलं: सद्यःस्थितीत, शक्य त्या मर्यादेत, क्लबची तत्त्वतः हरकत नसावी. डूगलनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"हे हो आहे का नाही?"

"हो आहे."

"मग हो लिही की, बाबा! सभेनं ठरवलंय, लाजतोस कसला?"

आणि विरोधात मत दिलेल्या त्या माणसानं मला सांगितलं, मी लिहिलं: अर्धी जागा घ्या. पाणी आमच्या नळावरून जोडा. जमीन गोठायच्या आत या. त्याखाली त्यानं सही ठोकली, इतकी मोठी की माझ्या सहीला कोपरा उरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबात मी पाकिटावर तिकीट चिकटवत होतो तेव्हा मेव्हिस हसायला लागली.

"नगरपालिका समोर दिसतेय, सचिवसाहेब. हातात नेऊन द्या की."

"हातात असलं तर दारापर्यंत जाऊन परत येईन मी," मी म्हणालो. "एखादा शब्द बदलायला."

कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीची झडप थंडीनं घट्ट झाली होती. मी ती जोरानं ओढली आणि पाकीट आत टाकलं.